सेफ्टी पिन, बंदूक आणि छतावर चालायचे बूट

वॉल्टर हंट हे नाव फार कमी लोकांना माहीत असतं, पण त्याची एक तरी वस्तू आत्ता तुमच्या घरात कुठेतरी पडलेली असणार. सेफ्टी पिन. १० एप्रिल १८४९ ला अमेरिकेत पेटंट नंबर ६२८१ मिळालं ते हेच, कागदावर नाव फक्त ‘ड्रेस पिन’ असं. हा माणूस एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण त्याची यादी वाचायला घेतली की थांबवत नाही. फ्लॅक्सचा म्हणजे जवसाच्या झाडाचा धागा कातायचं मशीन, घोडागाडीची पायाने वाजवायची घंटा, सुरीला धार लावायचं साधन, बर्फ फोडत जाणारी होडी, खिळे बनवायचं मशीन, शाईची दौत, फाउंटन पेन, शिवणयंत्र, एकामागून एक गोळ्या झाडणारी रायफल, कागदी कॉलर, आणि सर्कशीतल्या लोकांना छताला उलटं चालता यावं म्हणून खास बूट. हो, खरंच, छतावर चालायचे बूट.

अशा माणसाबद्दल लोक लगेच बोलतात की याचा फोकस नव्हता, एका गोष्टीत मन रमलं असतं तर मोठा झाला असता. मला हे अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही तेच आज लिहायचंय. मी गेले बरेच दिवस जुनी पेटंटं वाचतोय (गूगल पेटंट्सवर फुकट मिळतात, स्कॅन धूसर असतात पण वाचता येतात) आणि हंटची चार-पाच एकाला एक लावून वाचली की दिसतं, क्षेत्रं वेगळी आहेत पण डोकं एकाच पद्धतीने चाललंय. जिथे दोन वस्तू लागतात तिथे एक करता येईल का, जिथे दोन हात लागतात तिथे एकाचं काम धातूवर टाकता येईल का, बस, हेच दोन प्रश्न तो आयुष्यभर वेगवेगळ्या टेबलांवर घेऊन फिरला.

सेफ्टी पिनचंच बघा. कपड्याला लावायची पिन काही हंटने पहिल्यांदा शोधली नाही, ग्रीक आणि रोमन लोक हजारो वर्षांपूर्वी फिब्युला नावाच्या स्प्रिंगवाल्या पिना वापरत होते, संग्रहालयांमध्ये ढिगाने आहेत. हंटच्या काळातल्या पिनांची अडचण वेगळी होती, कुठे बिजागरी ढिली होते, कुठे जोड तुटतो, टोक निसटून बोटात घुसतं. त्याने काय केलं तर तारेचा एकच तुकडा घेतला, मधे त्याला वेटोळं दिलं की तीच स्प्रिंग झाली, एका टोकाला अणकुची आणि दुसऱ्या टोकाला त्या अणीला झाकून धरणारी खाच. पेटंटमध्ये त्याने मुद्दाम लिहिलंय की यात तुटायला जोड नाही आणि झिजायला खिळ नाही, आणि अणी झाकलेली असल्यामुळे बोटाला लागत नाही. म्हणजे पिन, स्प्रिंग आणि कडी या तीन गोष्टी एका तारेत आल्या. वेटोळं गोल असावं की चपटं, असे वेगवेगळे आकारही त्याने काढून दाखवलेत, म्हणजे कोणी आकार बदलून पळवाट काढायला जाईल याचा विचार त्याने आधीच केला होता. ज्याला लोक साधाभोळा संशोधक समजतात त्याचं हे ड्राफ्टिंग आहे, दीड पानाचं पेटंट पण घट्ट बांधलेलं.

आता याच्या एक वर्ष आधीचं, १८४८ चं पेटंट काढा. विषय बंदुकीची गोळी. त्या काळी बंदूक भरायची म्हणजे दारू वेगळी, गोळी वेगळी, चाप ओढल्यावर पेटवणारी टोपी वेगळी, आणि एवढं सगळं करेपर्यंत समोरचा जवळ आलेला. हंटने शिशाची गोळी मागून पोकळ केली, त्या पोकळीतच दारू भरली आणि मागचं तोंड बंद केलं, पेटायला एक छोटं भोक ठेवलं. ‘रॉकेट बॉल’ म्हणतात त्याला. पिनवाल्या तारेचाच विचार आहे हा! जे वेगळं वेगळं हाताळावं लागतं ते एकाच अंगात बसवायचं. आणि फाउंटन पेन तरी दुसरं काय असतं, दौत आणि लेखणी एकत्र. त्याने १८४७ मध्ये त्याचंही पेटंट घेतलंय. पिन, पेन, गोळी ही एका माणसाने दोन-तीन वर्षांच्या आत केलेली कामं आहेत, आणि मला तर ती तीन नाही, एकच आयडिया तीनदा वापरल्यासारखी वाटते.

घंटेची गोष्ट दुसऱ्या प्रश्नातून येते, हातांच्या. असं सांगतात की न्यूयॉर्कला आल्यावर त्याने रस्त्यात एक लहान मूल घोडागाडीखाली आलेलं पाहिलं. गाडीवानाकडे भोंगा असायचा, पण दोन्ही हात लगामाला, भोंगा उचलायला एक हात सोडला की घोडे बेफाम. मग हंटने पायाने दाबायची धातूची घंटा केली, हातोडी दाबली की टण्ण, आणि लगाम हातातच. पुढे ट्रामगाड्यांमध्ये पायाची घंटा किती वर्षं वाजत राहिली ते जुने फोटो बघितले तरी कळतं. एवढी साधी गोष्ट, पण ती सुचायला ‘घंटा आणखी मोठी कशी वाजेल’ हा विचार सोडून ‘गाडीवानाचा कुठला अवयव रिकामा बसलाय’ असा विचार करावा लागतो.

रॉकेट बॉलकडे परत येतो कारण त्याची वंशावळ भारी आहे. त्या गोळीसाठी हंटने १८४९ मध्ये एकापाठोपाठ एक बार उडवणाऱ्या रायफलचं पेटंट घेतलं, नळीखाली दुसरी नळी आणि तिच्यात रांगेने गोळ्या. यंत्र फार नाजूक होतं, नीट चालायचं नाही. हक्क दुसऱ्याकडे गेले, लुईस जेनिंग्जने ते सोपं केलं, त्यावर होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी काम केलं, मग त्यांची कंपनी ऑलिव्हर विंचेस्टरच्या हातात गेली आणि बेंजामिन टायलर हेन्रीने १८६० मध्ये धातूचं काडतूस घालून हेन्री रायफल बनवली. स्मिथ अँड वेसन, विंचेस्टर, ही नावं कोणालाही माहीत असतात, आणि त्या दोन्ही घराण्यांच्या मुळाशी हंटचं एक न चालणारं मशीन आहे. बंदुकीबद्दल मला प्रेम नाही, पण शोध असाच पुढे सरकतो हे यातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचित कुठे दिसतं. मधला माणूस इतिहासातून गळतो, त्याची नळी मात्र राहते.

आणि आता शिवणयंत्र. ही गोष्ट वाचून मला अजूनही हळहळ वाटते.

१८३३-३४ च्या सुमाराला हंटने शिवणयंत्र बनवलं. त्याच्या आधी जे कोणी शिवणयंत्र करायला गेले त्यातले बरेच जण माणसाच्या हाताची नक्कल करत होते, सुई कापडातून आरपार काढायची, पलीकडून पकडायची, परत घालायची. हंटने ती नक्कलच सोडून दिली. सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं ते त्याने पुढे अणीजवळ आणलं. सुई कापडात शिरते, थोडी मागे येते, तेवढ्यात खाली दोऱ्याचा एक फास तयार होतो, आणि त्या फासातून खालचा धोटा दुसरा दोरा घेऊन निघून जातो. वरचा दोरा आणि खालचा दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात, याला लॉकस्टिच म्हणतात. सुईला कापडाच्या पलीकडे पूर्ण जावंच लागत नाही! तुम्ही वर म्हणाल की हा माणूस तर दोनाचं एक करतो, इथे त्याने एका दोऱ्याचे दोन केले. बरोबर आहे, पण हात बघा ना, कापडाखालचा जो दुसरा हात सुई पकडायला लागतो त्याचं काम धोट्याने घेतलं. प्रश्न तोच, उत्तर फक्त उलट्या बाजूने आलं. त्याचं मशीन सरळ शिवणच घालायचं आणि तीही थोडी थोडी, कापड मधेमधे परत लावून घ्यावं लागायचं, म्हणजे दुकानात ठेवण्यासारखं नव्हतं, पण आजच्या घरगुती मशीनमधलं मूळ तत्त्व त्यात होतं.

आणि त्याने त्याचं पेटंट घेतलं नाही.

का नाही घेतलं यावर एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. त्याची मुलगी कॅरोलाइन, तिला त्याने सुचवलं की या मशीनवर कॉर्सेट शिवायचा धंदा कर, आणि तिने विचार करून नकार दिला, कारण हाताने शिवून पोट भरणाऱ्या बायका उपाशी मरतील. ही गोष्ट तंतोतंत अशीच घडली का ते बाजूला ठेवू, पण हंटला या काळजीची ओळख होती हे नक्की, त्याने पहिलं मोठं काम फ्लॅक्सच्या गिरणीसाठी केलं तेव्हापासून मशीन आलं की मजुराचं काय हा प्रश्न त्याच्या आजूबाजूलाच होता. दुसरं कारण जास्त रुक्ष आहे, त्याने मशीनचे हक्क जॉर्ज अॅरोस्मिथ नावाच्या माणसाला विकले, आणि त्यानेही पेटंटचा अर्ज केला नाही. मशीन पडून राहिलं.

मग १० सप्टेंबर १८४६ ला इलायस हाउला पेटंट मिळालं, अणीजवळ नेढं असलेली सुई आणि धोटा. हाउने स्वतंत्रपणे केलं होतं, त्याच्यावर चोरीचा आरोप मी करत नाही, त्याचे कष्टही मोठे होते. पण शिवणयंत्रांचा धंदा वाढला आणि हाउ सगळ्यांकडे पैसे मागायला लागला तेव्हा आयझॅक सिंगरच्या बाजूने हंटला शोधून काढलं, त्याचं जुनं मशीन आणि साक्षीदार उभे केले, आणि हंटने तब्बल वीस वर्षांनी अर्ज केला. १८५४ मध्ये पेटंट ऑफिसने निकाल दिला तो मला कायद्याच्या दृष्टीने बरोबर आणि माणसाच्या दृष्टीने फार कठोर वाटतो. त्यांनी मान्य केलं की हंटने आधी शोधलं. पण इतकी वर्षं तू गप्प बसलास, मधे दुसऱ्याने रीतसर अर्ज करून जगाला हे दिलं, म्हणून हक्क हाउचाच. हाउ पुढे रॉयल्टीवर गडगंज श्रीमंत झाला. १८५८ मध्ये सिंगरने हंटला त्याच्या डिझाईनपोटी पन्नास हजार डॉलर हप्त्यांनी द्यायचं कबूल केलं म्हणतात, आणि पैसे हातात यायच्या आधीच ८ जून १८५९ ला न्यूयॉर्कमध्ये हंट गेला. त्याच्या कागदी कॉलरची तीच गत, पेटंट १८५४ चं, फॅशन जोरात आली ती तो गेल्यावर.

आता ते प्रसिद्ध चारशे डॉलर. कथा अशी की त्याला एका ड्राफ्ट्समनचे पंधरा डॉलर द्यायचे होते, ते फेडायला तो तार वाकवत बसला, काही तासांत सेफ्टी पिन झाली आणि तिचे सगळे हक्क त्याने चारशे डॉलरला देऊन टाकले. बहुतेक लेख इथे येऊन ‘बिच्चारा’ म्हणतात. मी नाही म्हणणार. त्याच्या जागी उभं राहून बघा, पिन विकायची तर तार ओढायची, वाकवायची, पॅक करायची, देशभर पाठवायची, यासाठी फॅक्टरी लागते, आणि त्याच्या डोक्यात कधी पेन असतं तर कधी कॉलर असते, प्रत्येकाला वेगळी फॅक्टरी, वेगळे व्यापारी. एका क्षेत्रातला संशोधक एक कारखाना काढून आयुष्यभर त्यावर बसू शकतो, दहा क्षेत्रांतल्या माणसाला ते शक्यच नसतं. त्याच्याकडे विकायला कागद असतो, आणि कागद विकून पुढच्या मॉडेलचा खर्च निघाला की तो पुढे जातो. चारशे कमीच होते, मान्य, निदान प्रत्येक ग्रोसमागे, म्हणजे बारा डझनांमागे, थोडी रॉयल्टी मागायला हवी होती. पण विकणं हीच त्याची जगायची पद्धत होती आणि तिच्यामुळेच एवढ्या वेगवेगळ्या गोष्टी झाल्या. खरं नुकसान विकलेल्या पिनचं नाही, न नोंदवलेल्या शिवणयंत्राचं आहे.

भांडवलाचा हा पेच शंकर आबाजी भिसे यांच्या आयुष्यातही दिसतो, तेही असेच अनेक क्षेत्रांत हात घालणारे. जन्म मुंबईत १८६७ चा. सामान आपोआप मोजून देणाऱ्या वजनयंत्रासाठी त्यांनी इंग्लंडमधली स्पर्धा जिंकली, मग लंडनला गेले, तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला. घरगुती उपकरणं, जाहिरातीचे दिव्यांचे फलक, औषध, काय काय केलं, पण खरा जीव अडकला होता तो छपाईचे खिळे म्हणजे धातूची अक्षरं ओतणाऱ्या मशीनमध्ये, भिसोटाइपमध्ये. आणि नेमकं तेच असं होतं की घरच्या टेबलावर होण्यासारखं नाही, त्याला मोठा पैसा लागतो, आणि समोर जमलेल्या कंपन्या असतात. पुढे रतन टाटांनीही (जमशेटजींचे चिरंजीव) मदत केली, नंतर ते अमेरिकेला गेले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्येच वारले. पिनसारख्या गोष्टीत एकटा माणूस शेवटपर्यंत जाऊ शकतो, टाइप ओतायच्या मशीनमध्ये नाही, त्यामुळे कुठली आयडिया एकट्याच्या आवाक्यातली आहे हे ओळखणं हीसुद्धा संशोधकाचीच कामगिरी धरली पाहिजे.

ब्यूला लुईस हेन्री या अमेरिकन संशोधक बाईने हे फार छान सांभाळलं. १८८७ चा जन्म, नावावर ४९ पेटंटं, शोध शंभराच्या वर. १९१२ ला आइस्क्रीमचा व्हॅक्यूम फ्रीझर, १९२४ ला कापड बदलता येणारी छत्री, मग बाहुल्या, मुलांचे स्पंज, १९३२ ला कार्बन पेपर न वापरता अनेक प्रती काढणारी टाइपरायटरची जोडणी, १९४० ला बॉबिन नसलेलं शिवणयंत्र. छत्रीच्या वेळी कारखानदारांनी तिला सांगितलं होतं की काड्यांच्या टोकाला असा चाप बसवताच येणार नाही. तिने बसवून दाखवला. मेकॅनिकचं शिक्षण तिने घेतलं नव्हतं, डोक्यातलं चित्र ती कारागिरांना समजावून मॉडेल करून घ्यायची, म्हणजे कारागीर भाड्याने पण कल्पना स्वतःची. आणि तिची यादी नीट बघा, चाप, पकड, दोऱ्याचा ताण, हेच पुन्हा पुन्हा फिरून येतं, बाहुलीपासून छत्रीपर्यंत.

मार्गारेट नाइटचं नाव इथे घ्यायलाच हवं कारण हंटने जे केलं नाही ते तिने केलं. सपाट बुडाच्या कागदी पिशव्या करणारं मशीन तिचं. लोखंडी मॉडेल बनवायला टाकलं असताना एका माणसाने ते बघून स्वतःच्या नावाने पेटंट मागितलं. सुनावणीत त्याचा सूर असा की बाईला एवढं गुंतागुंतीचं मशीन कळणार कसं. तिने स्वतःच्या वह्या, चित्रं, लाकडी मॉडेल, सोबत काम केलेले साक्षीदार समोर ठेवले आणि केस जिंकली, १८७१ मध्ये पेटंट तिच्या नावावर. पुढे बुटांचे तळ कापायची मशीनं, खिडकीची चौकट, इंजिनं, बरंच काही. पण त्या वह्या नसत्या तर पहिल्याच पायरीवर संपलं असतं.

म्हणून ज्यांच्या डोक्यात आज स्वयंपाकघरातलं काही, उद्या सायकलचं काही, परवा कुलपाचं काही असं चालू असतं त्यांना मला मनापासून सांगायचंय, लोक विखुरलेला म्हणतील, म्हणू द्या. पण तारीख टाकून लिहा, चित्र काढा, आणि कोणाला दाखवायच्या आधी अर्ज करा, कारण बहुतेक देशांत एकदा आयडिया जगजाहीर झाली की तिचं नवेपण गेलं, मग तुम्ही स्वतःच जाहीर केलेली असली तरी. पेटंट साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं टिकतं, मधे फी भरत राहावं लागतं, आणि ज्या देशात घेतलं तिथेच चालतं. सगळ्या आयडियांवर हा खर्च परवडत नाही, तेव्हा कुठल्या सोडायच्या तेही ठरवावं लागतं. विकताना पूर्ण हक्क देऊन टाकायचे की लायसन्स द्यायचं हे सही करायच्या आधी समजून घ्या, त्या एका कागदात पुढची सगळी वर्षं असतात.

आणि क्लेम, म्हणजे अर्जात आपण नेमका कशावर हक्क मागतो ती वाक्यं, लिहिताना रॉबर्ट कर्न्सची केस डोळ्यासमोर ठेवा. गाडीचा वायपर थांबून थांबून फिरवायचं सर्किट त्याने केलं, पापणी जशी मधेच लवते तसं, पेटंटं १९६७ पासूनची. मोटार कंपन्यांनी तशी यंत्रणा गाड्यांत घातली, त्याने १९७८ मध्ये फोर्डवर केस केली आणि बारा वर्षांनी, १९९० मध्ये, एक कोटी दोन लाख डॉलरवर तडजोड झाली. नंतर क्रायस्लरविरुद्धही जिंकला, आणि यात संसार आणि तब्येत दोन्हीची वाट लागली. कंपन्यांचं म्हणणं काय होतं तर यात नवीन काय आहे, ट्रान्झिस्टर जुना, कपॅसिटर जुना, रेझिस्टर जुना. कर्न्सचं म्हणणं, सुटे भाग जुने असतील पण ही जोडणी माझी आहे. हंटच्या ६२८१ मध्ये हाच मुद्दा आहे, तार जुनी, स्प्रिंग जुनी, कडी जुनी, आणि त्याने हक्क मागितला तो फक्त त्या तिन्ही एका तारेत आणण्यावर. अर्ज लिहायला बसाल तेव्हा ते एक पेटंट आधी वाचा, आणि आपल्या पहिल्या क्लेममध्ये सुटे भाग मोजत बसण्यापेक्षा ते एकमेकांशी काय करतात ते लिहा.